हायड्रोजन-ऊर्जा आणि लोकसंमती

हायड्रोजन वायू शेतकऱ्यास अगदीच परका नाही. युरियाच्या मुळाशी अमोनिया असतो व अमोनिया हा हायड्रोजन आणि हवेतील नत्र यांच्या संयोगाने तयार होतो. आज हा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात. परंतु पाण्याचे विजेने पृथक्करण करूनही तो मिळतो. पंजाबातील नांगल येथे १९६१ साली सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेवर हीच रीत अवलंबिली होती. सौर वा पवनविजेवर केलेल्या अशा वायूस हरित हायड्रोजन म्हणतात. त्याच्या उत्पादनासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान मंजूर केले.

बी कितीही उत्तम असले तरी जमिनीस वाफसा नसेल तर ते उगवत नाही. नव्या तंत्रास तसाच लोकसंमतीचा वाफसा लागतो. इंग्लंडमधील एल्समीअर पोर्ट या गावाच्या व्हिटबी भागात सुमारे २,००० घरांना नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन पुरविण्याची योजना होती. तो ज्यांस नको, त्यांना विजेची उपकरणे देऊ केली होती. जुना वायू ठेवण्याची मुभा मात्र नव्हती. सुरक्षितता आणि खर्च यांविषयी रहिवाशांचे समाधान झाले नाही. तीव्र विरोधामुळे जुलै २०२३ मध्ये तेथील शासनाने ही योजना सोडून दिली.

स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात निराळी रीत योजली गेली. जुनी वायुनळी कायम ठेवून शेजारून नवी टाकावयाची आणि स्वेच्छेने नाव देणाऱ्या सुमारे ३०० घरांनाच जोडणी द्यावयाची, असे ठरले. निवड घरमालकाच्या हाती राहिली.

आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा निघेल, आणि तो रास्त आहे. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरण व यंत्रे थंड ठेवणे यांस आणखी पाणी लागते. हा वायू हलका असल्याने मोकळ्या जागी त्वरित वर निघून जातो. पण त्यास वास नसतो, तो सहज पेट घेतो व त्याची ज्योत दिवसा क्वचितच दिसते. हे गुणदोष दोन्ही सांगितले पाहिजेत.

म्हणून पाणी कोणत्या उद्भवातून घेणार, उन्हाळ्यात सिंचनाच्या पाळीस धक्का लागेल काय, जमीन खरेदीने घेणार की भाडेपट्ट्याने, आणि गावातील तरुणांस काम मिळेल काय, यांची लेखी उत्तरे प्रकल्पाची जागा निश्चित होण्यापूर्वीच ग्रामसभेपुढे ठेवणे इष्ट होय. शेतकरी बंधूंनीही ती आग्रहाने मागावीत.