घसा धरलाय? मग दिवस मोजा!

कापूस वेचणीचे दिवस. पहाटे गार वारा, दुपारी चटके देणारे ऊन आणि घरात कापसाच्या ढिगाची धूळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगाव या दिवसांत कुणाचा ना कुणाचा घसा धरलेला असतो. ‘घसाच तर आहे, होईल बरा,’ असे म्हणून आपण वेचणीला निघतो. बहुतेक वेळा ते खरे ठरते. पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून घसा धरला की दिवस मोजा आणि लक्षणे पाहा.

नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, तो घसा सर्दी-पडशाचा. दोन-तीन दिवस त्रास जास्त, मग उतार पडतो आणि आठवडाभरात घसा मोकळा होतो. यावर पेनिसिलीनसारख्या औषधांचा उपयोग नाही. तेव्हा इंजेक्शनचा आग्रह धरू नका. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, पातळ वरण-पेज घ्या, विसावा घ्या. मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नका. आठवडा उलटूनही घसा दुखतच असेल, तर दवाखाना गाठा.

आता दुसरा घसा. 5 ते 15 वर्षांचे मूल, ताप आहे पण सर्दी-खोकला नाही, गिळताना फार दुखते, गळ्याशी गाठी आल्या आहेत, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके आहेत. अशा मुलाला एक-दोन दिवसांतच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. हा जंतूंचा घसाही पुष्कळदा आपोआप बरा वाटतो आणि तिथेच आपली फसगत होते. औषध न मिळाल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले, तर हे बहुधा टळते. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर बरे वाटले तरी दहाही दिवस द्या.

काही वेळा मात्र दिवस मोजायचेच नाहीत. श्वास घ्यायला त्रास, लाळही गिळवत नाही, तोंड उघडत नाही, किंवा घशात राखी पडदा दिसतो, तर तडक रुग्णालय गाठा; 108 ला फोन करा. राखी पडदा घटसर्पाचा असू शकतो. म्हणून बाळाच्या लसी आणि 10 व 16 व्या वर्षीची टीडी लस चुकवू नका.

फवारणीनंतर घसा जळजळला, तर त्याला सर्दी समजू नका. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घाम, उलटी, लाळ, अंधुक दिसणे, दम लागणे असे काही झाले, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन लगेच रुग्णालयात जा.

आणि घरातल्या खर्रा-तंबाखू खाणाऱ्या मोठ्यांना सांगा, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर घसा तपासून घ्यायचाच.

वेचणी दोन दिवस थांबली तरी चालते. लेकराचे हृदय एकदा बिघडले की ते जन्मभर सांभाळावे लागते.