पावलांचा हिशेब

आजचे युग यंत्रांचे आहे, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो. परंतु यंत्र मनगटावर बसून आपलीच हजेरी घेईल, असे मला वाटले नव्हते. दिवाळीत मामेभावाने नवे घड्याळ घेतले आणि जुना फिटनेस बँड मला दिला. पावले किती, नाडी किती, झोप किती, सगळे तो सांगतो.

त्याच्या पोटात ॲक्सिलरोमीटर नावाचा सूक्ष्म भाग असतो. चालताना हात लयीत हलतो, त्यावरून तो पावले मोजतो. तळाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक मनगटातले रक्त वाढले की परतणारा प्रकाश घटतो, त्यावरून नाडी कळते. झोपेचा मात्र अंदाजच. तो हालचाल व नाडी यांवरून बांधलेला.

बँडने मला रोज १०,००० पावलांचे लक्ष्य दिले. हा आकडा एखाद्या मोठ्या डॉक्टरचा असेल, अशी माझी समजूत होती. तो निघाला जपानी कंपनीचा! १९६५ साली यामासा कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, बाजारात आणला आणि आकडा जगभर रुजला. अमेरिकेत १६,००० हून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,४०० पावलांनीही मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

माझी पावले भरली ३,०००. कॉलेज, ग्रंथालय आणि बस, दुसरे काय? मग गंमत म्हणून बँड आईच्या हाताला बांधला. ती मखमलाबादकडे द्राक्षबागेत रोजंदारीने जाते. ऐन खुड्याचे दिवस. संध्याकाळी पाहिले, तर पावले ४,०००! आई म्हणाली, “मंग मी काय दिसभर बसून व्हते?”

विचार केल्यावर उलगडा झाला. मांडवाखाली हात वर करून घड कापायचे, भरलेले क्रेट दोन्ही हातांत धरून न्यायचे. यात हात झुलत नाही, म्हणून पाऊल मोजले जात नाही. ओझे मोजण्याची तर सोयच नाही.

दुसरा आकडा मात्र मला लागला. आईची झोप पाच तास, आठवडाभर तेवढीच. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. ती चारला उठते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पाणी आणि माझा डबा यांसाठी उठते, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

आता नळाचे पाणी मी भरतो, पोळ्याही जमू लागल्या आहेत. आईची झोप साडेसहा तासांवर आली. दोन्ही हातांत बादल्या असल्यामुळे माझीही ती पावले बँड मोजत नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, बँड जरूर वापरा. फक्त एकदा तो घरातल्या सर्वांत जास्त दमणाऱ्या माणसाच्या हाताला बांधून पाहा.