बदली होऊन रायपूरला आलात? बायोलॉजी आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकता येतं!

बाबांच्या बदलीमुळे मध्येच कॉलेज बदलावं लागलेल्या मुलांसाठी ही पोस्ट. आधी डिजिलॉकरवर अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडा आणि जुन्या कॉलेजची क्रेडिट्स त्यात जमा झालीत का, ते एकेक ओळ तपासा. ती ७ वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात.

बायोलॉजीसोबत कॉम्प्युटरही मेजर म्हणून घ्यायचं, तर यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार या दुसऱ्या मेजरसाठी एकूण क्रेडिट्सच्या किमान ४० टक्के लागतात, म्हणजे १२० पैकी ४८. नवीन कॉलेजात ही जोडी मिळत नसेल, तर इथे बीएस्सी आणि सोबत आयआयटी मद्रासची ऑनलाइन डेटा सायन्सची बीएस, असंही जमतं. एकाच वेळी दोन पदव्यांना २०२२ पासून परवानगी आहे. माझं मत विचाराल, तर पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र एवढंच घ्या. कारण बीएस्सीची प्रॅक्टिकल्स दुपार खाऊन टाकतात.

आणि ही जोडी रायपुरातच का? इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे भाताच्या २३ हजारांहून जास्त वाणांचा संग्रह आहे. भातसंशोधक डॉ. रिछारियांनी १९७० च्या दशकात गावोगावी जाऊन त्यातले हजारो वाण जमवले. भाताच्या गुणसूत्रांच्या जोड्या १२, पण एका संचातली जनुकीय अक्षरं जवळपास ३९ कोटी! तळहातावरच्या एका दाण्यात एवढं लिहिलेलं असतं. दोन वाणांची अक्षरं ताडून बघायची, तर पायथॉन हाताशी हवंच. माझी सुरुवात दुबराज या वाणापासून झाली. तुम्ही कुठला वाण घ्याल?