झलक आणि खेळ

व्हिडिओ गेमची झलक पाहून पुष्कळजण खेळ तयार होण्याआधीच पैसे भरून मोकळे होतात. २००५ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाच्या वेळी सोनीने प्लेस्टेशन ३ साठी ‘किलझोन’च्या नव्या भागाची झलक दाखवली. हा खेळच चालू आहे, असे लोकांना वाटले. निघाली ती आगाऊ तयार केलेली चित्रफीत! खेळ आला २००९ मध्ये. यात मेख काय? चित्रफितीतले एकेक चित्र काढायला संगणक हवा तितका वेळ घेऊ शकतो. खेळताना मात्र यंत्राला सेकंदाला ३० चित्रे, तीही आपल्या बोटांच्या हुकमानुसार, काढावी लागतात. तेव्हा झलक हौसेने पाहा. पण पडद्यावर कुणी खरोखरच खेळतो आहे ना, एवढी खात्री करून मगच खिशात हात घाला, बरं का!