ग्रंथपालांची सॉफ्ट स्किल्स मोजायची कशी?



माझ्या प्रश्नावलीतलं पहिलंच विधान होतं : 'मी वाचकांशी चांगला संवाद साधतो/साधते.' पायलट स्टडीत जवळजवळ सगळ्या ग्रंथपालांनी 'पूर्णपणे सहमत'वर टिक केली. गाईड मॅडम म्हणाल्या, "सगळेच उत्तम आहेत, मग तुझ्या संशोधनाची गरजच काय?"

तेव्हा मेरीलँडचा अभ्यास वाचला. अमेरिकेतल्या या राज्यात १९८३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या ६० शाखांत संशोधकांची माणसं सामान्य वाचक म्हणून प्रश्न विचारत होती. ४० ठरलेले प्रश्न, एकूण २४०० वेळा. पूर्ण बरोबर उत्तरं मिळाली ती साधारण ५५ टक्के वेळा. बरं, ग्रंथसंग्रह किती मोठा आहे याच्याशी या यशाचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो ग्रंथपालाच्या वागण्याशी. प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगून खात्री केली का? "नेमकं कशासाठी हवंय?" असं विचारलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी "तुम्हाला हवं ते पूर्ण मिळालं का?" हे विचारलं का?

हे का घडतं, ते आपल्याकडच्या काउंटरवरही समजतं. वाचक म्हणतो, "कायद्याचं पुस्तक आहे का?" त्याला खरं तर सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची ते हवं असतं. कपाटाकडे बोट दाखवणारा ग्रंथपाल चुकीचं काही करत नाही, पण वाचक रिकाम्या हातानेच जातो. (आपल्या ग्रंथालयांचा अ, ब, क, ड दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या मोजतात, हा प्रश्न मात्र कुणी मोजत नाही!)

संशोधनाच्या दृष्टीने मुद्दा असा की 'संवादकौशल्य' ही संकल्पना झाली. ती मोजायची तर दिसेल, मोजता येईल अशा कृतीत उतरवावी लागते. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

मेरीलँडसारखं वेष बदलून जायचं का? मला ते पटलं नाही. संमतीचा प्रश्न येतो, आणि गावातल्या ग्रंथालयात नवखा माणूस लगेच ओळखू येतो. म्हणून ग्रंथपालांची परवानगी घेऊन मी दाराशी बसते आणि बाहेर पडणाऱ्या वाचकांना दोनच प्रश्न विचारते : हवं ते मिळालं का? आणि पुन्हा याच व्यक्तीकडे याल का? दुसरा प्रश्न जोन ड्युरन्स यांच्या १९८९ च्या लेखातून घेतलाय. उत्तर अपुरं मिळूनही वाचक परत यायला तयार असतो, असं त्यांना आढळलं होतं. म्हणून दोन्ही उत्तरं मी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते.