वेल नसलेला ‘वेल-मेपल’

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत, व्हाइन मेपल अर्थात ‘वेल-मेपल’ हा लहान वृक्ष आढळतो. नाव वेलीचे असले तरी त्यास आधार पकडणारे तणावे नसतात. उंच डग्लस फर वृक्षांच्या दाट छायेत त्याची बारीक खोडे प्रकाशाकडे झुकतात, स्वभाराने वा हिमाच्या ओझ्याने भूमीस टेकतात; टेकलेल्या जागी मुळे फुटून नवे झाड उभे राहते. अशा रीतीने बनलेली जाळी वाटसरूंची वाट अडविते. उद्यानातील मोकळ्या उन्हात मात्र तोच वृक्ष ताठ व आटोपशीर वाढतो. शरद ऋतूत त्याची पाने छायेत बहुधा पिवळी, तर उन्हात तांबडी होतात. म्हणून रोप लावण्यापूर्वी माळ्याने त्या जागी ऊन किती पडते ते पाहावे; वृक्षाची ठेवण पुष्कळशी त्यावरच ठरते.