त्र्याण्णव खरे की साडेतीन?

१९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ वर ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांनी दिलेल्या गुणांची गोळाबेरीज होते. तिथे या गेमचा आकडा, म्हणजे ‘मेटास्कोअर’, १०० पैकी ९३ वर स्थिरावला. त्याच पानावर, त्याच्या शेजारीच, खेळणाऱ्यांचा आकडा पहिल्या दोन-तीन दिवसांत १० पैकी साडेतीनच्या आसपास घसरला होता. लगेच दोन तट पडले. एक म्हणे समीक्षक विकले गेलेत, दुसरा म्हणे ही पोरं माथेफिरू आहेत. त्यानंतरही एखाद्या मोठ्या गेमवरून हीच जुगलबंदी नव्याने रंगते, पण ज्या आकड्यांवरून एवढी हमरीतुमरी चालते ते शिजतात कसे, हे पाहायला स्वयंपाकघरात फारसं कुणी डोकावत नाही. माझ्या मते समीक्षकाला विचारलेला प्रश्न वेगळा असतो आणि खेळणारे उत्तर देतात तो प्रश्न वेगळा असतो. निम्मं भांडण तिथेच आहे.

गैरसमज: मेटास्कोअर म्हणजे सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरळ सरासरी

मेटाक्रिटिक २००१ मध्ये सुरू झालं. तिथली सरासरी सरळ नाही, भारित आहे. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन, काहींना कमी. कुणाला किती, हे मेटाक्रिटिक सांगत नाही. शिवाय सगळे समीक्षक १०० पैकी गुण देत नाहीत. कुणी पाच तारे देतो, कुणी दहापैकी आकडा, कुणी इंग्रजी अक्षरातली श्रेणी. या सगळ्याला एकाच मापात बसवताना ‘ए’चे १०० होतात आणि ‘बी उणे’चे ६७. ‘बी उणे’ देणाऱ्याच्या मनात ‘बरा आहे, खेळून बघा’ एवढंच असू शकतं. पण ६७ हा आकडा कुणाला ‘बरा आहे’ असा ऐकू येत नाही.

रंगांची गंमत तर आणखी वेगळी. सिनेमाला ६१ मिळाले की आकडा हिरव्या चौकटीत बसतो. गेमला मात्र हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे ७० गुणांचा सिनेमा हिरवा आणि ७० गुणांचा गेम पिवळा! दहावीच्या गुणपत्रिकेत जो फरक प्रथम श्रेणी आणि विशेष प्रावीण्य यांत आहे, जवळपास त्याच दोन रेघा इथेही आहेत, फक्त सिनेमाच्या पोराला प्रथम श्रेणीत पेढे वाटतात आणि गेमच्या पोराला प्रावीण्य हुकलं म्हणून बोलणी बसतात.

जपानच्या ‘फामित्सू’ची पद्धत मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटते. चार समीक्षक, प्रत्येकाचे १० गुण, एकूण ४०, आणि चौघांचे आकडे वेगवेगळे छापलेले. एकाने ९ आणि दुसऱ्याने ६ दिले असतील तर ते मतभेद तुमच्यासमोर उघडे राहतात. सरासरीत ते विरघळून जातात.

गैरसमज: खेळणाऱ्यांचा स्कोअर म्हणजे जनतेचा कौल

पुन्हा ‘पार्ट टू’कडे येऊ. हा गेम संपवायला साधारण २५ तास लागतात. तो विक्रीला आला त्याच दिवशी, काही तासांतच, मेटाक्रिटिकवर शून्य गुणांचा पाऊस सुरू झाला. गेम विकत घेतल्याचा कसलाही पुरावा तिथे मागत नाहीत. खातं उघडलं की मत द्या. एप्रिलच्या अखेरीस कथेतले महत्त्वाचे प्रसंग फुटले होते, त्यामुळे राग आधीच तापून तयार होता. पहिल्या भागाचा लाडका नायक जोएल या भागात सुरुवातीलाच मारला जातो, आणि पुढे जवळपास अर्धा गेम त्याला मारणाऱ्या ॲबीच्या भूमिकेतून खेळावा लागतो. (कथा फोडली म्हणून ओरडू नका; एचबीओच्या मालिकेने २०२५ मध्ये ती घरोघरी पोचवलीच आहे.)

आता यातलं साधं गणित पाहा. ज्याला सरासरी खाली ओढायची आहे तो पाच देत नाही, शून्य देतो. त्याला उत्तर म्हणून गेमचा चाहता सात देत नाही, दहा देतो. ज्याला गेम ठीकठाक वाटला, काही आवडलं, काही नाही, तो बहुधा काहीच लिहीत नाही. जेवून हात धुऊन मोकळा. त्यामुळे जो आकडा उरतो तो खेळणाऱ्यांच्या मताचा मध्य दाखवत नाही. दोन्ही टोकांना किती माणसं जमली, तेवढंच दाखवतो. ‘साडेतीन’ म्हणजे खेळणाऱ्या प्रत्येकाला गेम साडेतीनच्या लायकीचा वाटला, असं नव्हे. प्रामाणिकपणे साडेतीन देणारा माणूस तुम्हाला त्या यादीत शोधावा लागेल.

त्याच वर्षीचे दुसरे कौल याला जोडून पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. पहिल्या तीन दिवसांत गेमच्या ४० लाखांवर प्रती खपल्या. नोव्हेंबरात ‘गोल्डन जॉयस्टिक’ पुरस्कारांत, जिथे लोकांच्या मतांवर निकाल लागतो, वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून ‘पार्ट टू’चीच निवड झाली. डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये परीक्षक मंडळाचा मुख्य पुरस्कारही त्यालाच. पण त्याच सोहळ्यात ‘प्लेयर्स व्हॉइस’ हा निव्वळ लोकांच्या मतांचा पुरस्कार ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने नेला, ज्याला समीक्षकांनी ८३ दिले होते आणि मेटाक्रिटिकवर खेळणाऱ्यांनी नवाच्या वर. एकाच वर्षी, एकाच गेमबद्दल, लोकांना तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. यातली ‘जनता’ नेमकी कोणती?

मेटाक्रिटिकने यावर उपाय केला तो जुलै २०२० मध्ये: गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळणाऱ्यांचं मत घेणं बंद. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’च्या पानावर त्या वेळी ‘आधी जरा खेळा, मग या’ अशा अर्थाची सूचना झळकली. उपाय अर्धामुर्धा आहे. ३६ तास थांबून शून्य देता येतंच की. पण खरोखर गेम संपवून बोलणाऱ्याला निदान रांगेत उभं राहायची संधी मिळाली.

एक मात्र सांगायलाच हवं. त्या शून्यांमध्ये खरी नाराजीही होती. जाहिरातीच्या एका झलकीत जोएलला अशा प्रसंगात दाखवलं होतं जिथे गेममध्ये प्रत्यक्षात दुसरंच पात्र आहे. ज्यांनी ती झलक पाहून आगाऊ पैसे मोजले त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं, तर त्यांना माथेफिरू म्हणून उडवून लावता येणार नाही.

गैरसमज: भरघोस गुण म्हणजे पाकीट पोचलं

या संशयाला एक जुनी गोष्ट खतपाणी घालते. २००७ च्या नोव्हेंबरात गेमस्पॉट या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला १० पैकी ६ दिले. त्याच वेळी संकेतस्थळावर त्याच गेमच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाचा व्यवस्थापनावर परिणाम झाला होता, हे ते स्वतः उघडपणे बोलले ते २०१२ मध्ये. म्हणजे दबाव असतो, हे खरं. पण या प्रकरणातला समीक्षक वाकला नव्हता, हे ही गोष्ट सांगणारे सोयीस्करपणे विसरतात. त्याने सहाच दिले, म्हणून तर नोकरी गेली.

समीक्षकाचे गुण फुगण्याची खरी कारणं पाकिटापेक्षा बरीच कंटाळवाणी आहेत. प्रकाशन कंपनी गेम काही दिवस आधी पाठवते आणि कोणत्या तारखेपर्यंत काय बोलायचं नाही, हेही ठरवून देते. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती मिळाली, आणि परीक्षणात स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायलाही मनाई होती. संगणकावर गेमला ८६ च्या आसपास गुण पडले. मग ज्यांच्या घरी जुना प्लेस्टेशन ४ होता त्यांनी गेम लावला, आणि चेहरे नसलेली माणसं, हवेत तरंगणाऱ्या गाड्या, मध्येच बंद पडणारा खेळ असा तमाशा समोर आला. आठवडाभराने सोनीने आपल्या दुकानातून गेमच काढून टाकला. तो परतला जून २०२१ मध्ये. प्लेस्टेशन ४ वरचा समीक्षकांचा स्वतंत्र आकडा शेवटी ५७ वर आला. तेव्हा समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांना दाखवलेलं घर वेगळं होतं आणि भाडेकरूला मिळालेलं वेगळं.

तीच तऱ्हा सर्व्हरची. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला तेव्हा पॉलिगॉन या संकेतस्थळाने आधी ९.५ दिले. गेम लोकांच्या हाती गेला, सर्व्हर कोसळले, कुणाला आत शिरताच येईना. पॉलिगॉनने आकडा ८ वर आणला, मग थेट ४ वर, आणि पुढे पुन्हा ६.५ वर. मेटाक्रिटिकचा नियम मात्र असा, की समीक्षकाने दिलेला पहिला आकडाच धरायचा. मागाहून केलेली दुरुस्ती मोजायची नाही. कारण रास्त आहे: आकडा बदलता येतो म्हटलं की कंपन्या तो बदलून घ्यायला समीक्षकाच्या मागे लागणार. पण त्यामुळे मेटास्कोअर हा गेमच्या पहिल्या दिवसांचा फोटो होऊन बसतो. पुढे गेम सुधारला काय किंवा बिघडला काय, फोटो तोच. २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ घ्या. प्लेस्टेशन ४ वर त्याला ७१ मिळाले ते आजही तसेच आहेत. वर्षानुवर्षं फुकट भर घालत हॅलो गेम्स या स्टुडिओने तो पार बदलून टाकला, आणि संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानात एकेकाळी शिव्या खाणारा गेम २०२४ मध्ये ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ या शेऱ्याला पोचला.

पैशाचा मुद्दा मात्र आहेच, फक्त उलट्या बाजूने. समीक्षकाला गेम बहुतेक वेळा फुकट मिळतो. भारतात प्लेस्टेशन ५ चा नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. दहा तासांत संपणारा देखणा गेम समीक्षकाच्या लेखी ‘आटोपशीर’ असतो. ज्याने दिवाळीच्या बोनसमधून पैसे बाजूला काढले त्याच्या लेखी तो पाचशे रुपये तास पडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

गैरसमज: स्टीमवरचे ९५ टक्के म्हणजे १०० पैकी ९५ गुण

स्टीमवर गुणच नसतात. ‘हा गेम इतरांना सुचवाल का?’ एवढाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव जणांनी ‘हो’ म्हटलं. त्या सगळ्यांना तो ‘चांगला, वेळ गेला’ इतपतच वाटला असेल, तरी आकडा ९५ च. छोट्या, स्वस्त, ठरावीक आवडीच्या गेमना म्हणूनच तिथे घसघशीत टक्के मिळतात: ज्यांना असला प्रकार आवडतो तेच तो घेतात. एक फायदा मात्र निर्विवाद आहे. मत देणाऱ्याच्या खात्यात गेम असावा लागतो आणि त्याने किती तास खेळला तेही नावाखाली दिसतं.

गैरसमज: रिव्ह्यू बॉम्बिंग (झुंडीने येऊन वाईट गुणांचा मारा) म्हणजे निव्वळ टवाळी

कधीकधी असते. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो नाकारला, पण आपल्याकडची जनता पेटली, त्या ॲपला एक तारा द्यायला धावली आणि त्यातले कित्येक नावाच्या गोंधळात स्नॅपडील या खरेदीच्या ॲपवर जाऊन आदळले. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही चोरी झाली की नाही हे ठरण्याआधी.

पण मे २०२४ मधला ‘हेलडायव्हर्स २’ आठवा. फेब्रुवारीत आलेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम. ३ मे रोजी सोनीने जाहीर केलं की संगणकावर खेळणाऱ्यांनाही आता प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावं लागेल. जगातल्या कितीतरी देशांत ते नेटवर्क उपलब्धच नाही, आणि गेम तर तिथे विकून झाला होता. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक मतं पडली, आणि सोनीने माघार घेतली. या दोन लाखांपैकी बहुतेकांना गेम आवडतच होता. त्यांनी मत दिलं ते बदललेल्या करारावर, कारण कंपनीचं लक्ष जिथे हमखास असतं अशी दुसरी जागा त्यांना सापडली नाही. खेळ कसा आहे हे ठरवायला तो आकडा त्या आठवड्यात निरुपयोगी होता. कंपनी कशी वागते हे कळायला पुरेसा होता.

गैरसमज: समीक्षक आणि खेळणारे यांचं कधी जमतच नाही

जमतं, फक्त त्याची बातमी होत नाही. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ला समीक्षकांनी ९६ दिले, खेळणाऱ्यांनी नवाच्या वर. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’चा मुख्य पुरस्कार आणि ‘प्लेयर्स व्हॉइस’ दोन्ही त्यालाच मिळाले. आकड्यांच्या बाबतीत ‘विचर ३’चंही तसंच. बहुतेक वेळा दोन्ही आकडे गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात.

भांडण समीक्षक आणि खेळणाऱ्यांचं, पण आकड्याचा खरा फटका बसतो तो गेम बनवणाऱ्यांना. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू वेगस’साठी ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटास्कोअर ८५ झाला तरच बोनस मिळणार होता. झाला ८४. एका गुणाने बोनस हुकल्याचं स्टुडिओच्या ख्रिस ॲव्हलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं. आज तो गेम त्या मालिकेतला सर्वोत्तम मानणारे चाहते पैशाला पासरी मिळतील, पण तो बोनस काही परत आला नाही.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला आणि समीक्षकांच्या सरासरीत सत्तरीच्या आसपास थांबला, म्हणजे गेमच्या हिशेबात पिवळ्या चौकटीत. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. परीक्षणं उघडून वाचली तर दोन्हीचं कारण कळतं. रंगसंगती, लघुचित्रांच्या धाटणीची दृश्यं, कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली पुराणकथा यांचं मनापासून कौतुक. आणि लढाईतला अडखळता हात, आखूड लांबी, तोडल्यासारखा शेवट यांबद्दल तक्रार. ज्याला पौराणिक चित्रांच्या दुनियेत चार-पाच तास फिरायचं आहे त्याने तो घ्यावा, ज्याला तलवारबाजीची खुमखुमी आहे त्याने दुसरा शोधावा. सत्तर या आकड्यात यातलं काहीच नव्हतं.